मुलाचा श्वास, जबडा आणि दातांची ठेवण: काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे

दात वाकडे आहेत म्हणून मुलाला ऑर्थोडॉन्टिस्टकडे नेणाऱ्या पालकांना हल्ली आणखी एक चिंता असते. जबडा लहान असल्यामुळे मुलाचा श्वासमार्ग अरुंद झाला असेल का, आणि आत्ताच काही केले नाही तर पुढे त्याला झोपेत श्वास अडकण्याचा विकार जडेल का? ही चिंता निराधार नाही, कारण चेहऱ्याची हाडे, दातांची जुळणी आणि श्वासाची वाट यांचा एकमेकांशी खरोखर संबंध आहे. मात्र तो संबंध एखाद्या क्ष-किरण चित्रातील मिलिमीटर मोजून उलगडत नाही. झोपेतला श्वास आधी पाहावा, मग नाक व घसा, त्यानंतर जबडे आणि सर्वांत शेवटी दात, हा क्रम पाळला तर योग्य वेळी योग्य डॉक्टरांपर्यंत पोहोचता येते आणि अनावश्यक उपचारांवरचा खर्चही टळतो. पुढील मजकूर याच क्रमाने लिहिला आहे. त्याआधी थोडी शरीररचना समजून घेणे आवश्यक आहे.

वाट कुठे रुंद होते, कुठे अडते

टाळूचे हाड हे तोंडाचे छत असते आणि तेच नाकाच्या पोकळीचा तळही असते. त्यामुळे वरचा जबडा अरुंद आणि टाळू उंच, कमानीसारखी असेल, तर नाकातली जागाही बहुधा अरुंद असते. नाकाच्या मागे, मऊ टाळूच्या वर ॲडिनॉइड नावाची ग्रंथीसारखी गाठ असते. ती साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात सर्वांत जास्त जागा व्यापते आणि किशोरवयात आक्रसत जाते. चेहरा त्याच काळात वेगाने वाढत असल्यामुळे या वयातला अडथळा आकाराने लहान असला तरी महत्त्वाचा ठरतो.

त्याखाली, मऊ टाळू आणि जिभेच्या मागे, स्वरयंत्रापर्यंत जो घसा आहे त्याला आधार देणारे हाडाचे किंवा कूर्चेचे कडे नाही. पातळ कागदी नळीतून जोराने ओढले की तिच्या भिंती मध्येच चिकटतात, तसे या भागाचे होऊ शकते. जागेपणी स्नायू तो उघडा ठेवतात. जिभेला पुढे ओढणारा मुख्य स्नायू खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, हनुवटीच्या मागे जोडलेला असतो, म्हणून जबडा लहान किंवा मागे असेल तर जिभेची बैठकही मागे सरकते. झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या अवस्थेत, स्नायूंचा ताण उतरतो आणि जागेपणी पुरेशी वाटणारी जागा अपुरी पडते.

नळीची त्रिज्या निम्मी झाली तर संथ प्रवाहाला होणारा विरोध सोळा पटींनी वाढतो, हा भौतिकशास्त्राचा नियम येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. घशातला प्रवाह नेहमी संथ नसतो आणि घशाच्या भिंती स्थिरही नसतात, त्यामुळे आकडा तंतोतंत लागू होत नाही. तरीही आधीच अरुंद असलेल्या घशात थोडीशी सूज किंवा थोडी चरबी इतका फरक का पाडते, हे त्यावरून कळते. त्याच कारणाने एकाच मापाचा श्वासमार्ग असलेल्या दोन मुलांपैकी एक शांत झोपते आणि दुसरे घोरते, कारण आकाराबरोबर भिंतींचा मऊपणा, स्नायूंची तत्परता, नाकातली सूज आणि वजन या सर्वांचा हिशेब असतो.

चेहरा कसा वाढतो आणि जुळणी कशी बिघडते

चेहऱ्याची वाढ ढोबळमानाने तीन प्रकारे होताना दिसते. काही मुलांचा खालचा जबडा पुढच्या दिशेने वाढतो. चेहरा आखूड व रुंद, जबड्याचे कोपरे ठळक आणि वरचे दात खालच्या दातांना बरेच झाकणारे, अशी ठेवण होते. काहींचा जबडा खाली आणि मागे फिरत वाढतो. त्यांचा चेहरा लांबट होतो, हनुवटी मागे जाते आणि ओठ सहज मिटत नाहीत. बहुतेक मुले या दोहोंच्या मध्ये असतात.

दातांच्या जुळणीचे वर्गीकरण मात्र वेगळ्या पायावर उभे आहे. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून तीन वर्ग केले, आणि ते आजही वापरात आहेत. पहिल्या वर्गात दाढा योग्य जागी असतात, पण दात दाटीने किंवा वाकडे असू शकतात. दुसऱ्या वर्गात खालची दाढ मागे असते आणि बहुधा वरचे दात पुढे आलेले दिसतात. तिसऱ्या वर्गात खालची दाढ पुढे असते आणि पुष्कळदा खालचे पुढचे दात वरच्यांच्या बाहेर येतात. हे वर्गीकरण दाढांचे आहे, जबड्यांचे नाही. केवळ 'दुसरा वर्ग' असे लिहिलेले पाहून जबडा लहान आहे असे गृहीत धरू नये.

श्वासमार्गाशी संबंध लावायचा तर दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. सरासरीचा विचार केला तर खालचा जबडा मागे असलेल्या आणि त्यातही लांबट चेहऱ्याच्या मुलांमध्ये घशाची जागा कमी आढळते, तर खालचा जबडा पुढे असलेल्यांमध्ये जिभेमागची जागा तुलनेने अधिक असते. पण सरासरी म्हणजे तुमचे मूल नव्हे. एकाच वर्गातल्या मुलांमध्ये मापांची विविधता इतकी मोठी असते की चेहरा पाहून श्वासमार्गाचे भाकीत करणे मला धोक्याचे वाटते.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, याविषयीचा वाद जुना आहे. नाक बंद असलेले मूल तोंड उघडे ठेवते, जीभ टाळूवरून खाली येते, गालांचा दाब बाहेरून चालू राहतो पण आतून जिभेचा आधार मिळत नाही, आणि वरची दंतपंक्ती अरुंद होत जाते. खालचा जबडा सतत खाली लोंबल्यामुळे मागच्या दाढा अधिक उगवतात आणि चेहरा लांबतो. ऑर्थोडॉन्टिस्ट एगिल हार्व्होल्ड यांनी १९७० च्या दशकात ऱ्हीसस माकडांची नाके सिलिकॉनच्या बुचांनी बंद करून पाहिली, तेव्हा त्यांच्या दातांची जुळणी बिघडली. मात्र सर्व माकडांमध्ये बिघाड एकसारखा झाला नाही. प्रत्येकाने जबडा आणि जीभ आपापल्या पद्धतीने धरली आणि त्यानुसार वाढ झाली. स्वीडनमधील स्टेन लिंडर-अॅरोन्सन यांनी १९७० पासून ॲडिनॉइड वाढलेल्या मुलांचा अभ्यास केला. त्यांना अरुंद वरचा जबडा आणि लांबट खालचा चेहरा अधिक आढळला, आणि ॲडिनॉइड काढल्यावर नाकाने श्वास घेऊ लागलेल्या मुलांत काही अंशी सुधारणाही दिसली. असे असले तरी माणसाचे नाक पूर्ण बंद असणे विरळ असते, लांब चेहऱ्याची कित्येक मुले नाकानेच श्वास घेतात, आणि आईवडिलांकडून आलेल्या ठेवणीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे तोंडाने श्वास घेतल्यानेच चेहरा बिघडला, असे ठामपणे सांगणाऱ्याकडे सावधपणे पाहावे. आणि श्वासाचा चेहऱ्याशी काहीच संबंध नाही असे म्हणणाऱ्याकडेही.

घरी काय पाहावे

सुरुवात रात्रीपासून करावी. मुलाला सर्दी नसताना, गाढ झोप लागल्यानंतर, दोन-तीन वेगवेगळ्या रात्री त्याच्याजवळ बसावे. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरणे ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. सर्दीतले घोरणे तितके महत्त्वाचे नाही. घोरणे मध्येच थांबते का, छाती हलते पण आवाज येत नाही असे क्षण येतात का, त्यानंतर मूल दचकून किंवा गुदमरल्यासारखा श्वास घेते का, हे पाहावे. मान मागे टाकून, उशीवरून डोके खाली लटकवून किंवा बसल्यासारखे झोपणे, खूप घाम येणे, अंथरुणात सतत उलटसुलट होणे आणि आधी थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, याही खुणा आहेत.

मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून ठेवावे. चेहरा, मान आणि उघडी छाती व पोट एकाच चौकटीत दिसतील असा कोन घ्यावा आणि आवाज बंद करू नये. श्वास आत घेताना पोट वर येते पण छाती किंवा बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, असे दिसले तर ते चित्रण डॉक्टरांना अवश्य दाखवावे. तोंडी वर्णनापेक्षा असे चित्रण कितीतरी अधिक सांगून जाते, आणि पालक घाबरून वाढवून सांगत आहेत की सवयीने कमी सांगत आहेत, हा प्रश्नही उरत नाही.

दिवसाच्या खुणा मोठ्या माणसांपेक्षा वेगळ्या असतात, आणि नेमके येथेच पालकांची चूक होते. झोप अपुरी झालेला प्रौढ माणूस पेंगतो. मूल मात्र पुष्कळदा उलट चंचल, चिडचिडे आणि लक्ष न लागणारे होते. शाळेतून अशी तक्रार येत असेल आणि मूल रात्री घोरत असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी डॉक्टरांना सांगाव्यात. सकाळची डोकेदुखी, कोरडे तोंड, उठताना होणारा त्रास आणि जेवताना वारंवार थांबून श्वास घेणे हेही नोंदवावे.

त्यानंतर चेहरा पाहावा, पण मुलाला 'नीट बस, तोंड मिट' असे न सांगता. गृहपाठ करताना किंवा टीव्ही पाहताना ओठ उघडे राहतात का, हे दुरून पाहणे उत्तम. मग ओठ मिटायला सांगावे. ओठ मिटताना हनुवटीच्या त्वचेवर खड्डे किंवा सुरकुत्या पडत असतील, तर ते स्नायूंच्या जोरावर मिटले जात आहेत असे समजावे. समोरून आणि बाजूने एकेक छायाचित्र घ्यावे. समोरच्या छायाचित्रात केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत अशी तीन अंतरे ढोबळमानाने सारखी असावीत. खालचे अंतर ठळकपणे मोठे असेल तर चेहरा लांबट वाढत आहे. बाजूच्या छायाचित्रात कपाळ, नाकाचा तळ आणि हनुवटी जोडणारी कल्पित रेषा पाहावी. हनुवटी या रेषेच्या बरीच मागे राहत असेल तर तेही लक्षात घ्यावे. लहान मुलांचा चेहरा स्वाभाविकपणे थोडा फुगीर आणि हनुवटी थोडी मागे असते, म्हणून वर्षातून एकदा त्याच पद्धतीने छायाचित्र काढून तुलना करणे एका छायाचित्रापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

नाकासाठी थंड आरसा पुरेसा आहे. तो नाकपुड्यांखाली आडवा धरून मुलाला तोंड मिटून हळू श्वास सोडायला सांगावे, आणि दोन्ही बाजूंना वाफेचे डाग उमटतात का हे पाहावे. नाकपुड्या दिवसभरात आळीपाळीने थोड्या बंद-उघड्या होत असतात, त्यामुळे एका वेळी एक डाग लहान दिसला म्हणून लगेच घाबरू नये. सहा-सात वर्षांपुढच्या, सर्दी नसलेल्या मुलाला बसवून, घोटभर पाणी तोंडात धरून ओठ मिटून एक-दोन मिनिटे नाकाने श्वास घेता येतो का, हेही पाहता येते. जमले तर नाकाची वाट निदान दिवसा तरी उघडी आहे, आणि तोंड उघडे राहणे ही उरलेली सवय असण्याची शक्यता आहे.

तोंडात पाहताना चमच्याने जीभ दाबू नये. 'आ' म्हणायला लावून बॅटरीच्या उजेडात टॉन्सिल दिसतात का, ते घशाची निम्म्याहून अधिक रुंदी व्यापतात का, इतकेच पाहावे. मोठे टॉन्सिल असूनही काही मुले शांत झोपतात. आकार आणि त्रास यांचे प्रमाण सरळ नसते. टाळू उथळ व रुंद आहे की खोल व चिंचोळी, हे आरशाने पाहता येते. दाढा मिटल्यावर वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे आणि तितकेच वरून झाकणारे असावेत. ते बरेच पुढे असतील, खालच्यांना पूर्ण झाकत असतील, किंवा दाढा मिटूनही पुढे फट राहत असेल तर नोंद करावी. शेवटच्या प्रकाराला दवाखान्यात ओपन बाइट म्हणतात आणि त्यामागे अंगठा चोखण्याची सवयही असू शकते. मागच्या भागात वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेरून बसायला हव्यात. एका किंवा दोन्ही बाजूंना त्या आतून बसत असतील तर तो क्रॉसबाइट होय, आणि अरुंद वरच्या जबड्याची ही घरी दिसणारी सर्वांत विश्वासार्ह खूण आहे.

अहवालातले आकडे कसे वाचावेत

ऑर्थोडॉन्टिस्ट बाजूने काढलेले कवटीचे क्ष-किरण चित्र मागवतात. त्याला सेफॅलोग्राम म्हणतात, आणि १९३१ पासून तो या शाखेचा आधार आहे. कवटीच्या तळाशी पीयूष ग्रंथीच्या खोबणीचा मध्य, नाकाच्या मुळाचा बिंदू आणि वरच्या जबड्याचा पुढचा बिंदू यांचा कोन साधारण ८२ अंश, खालच्या जबड्याचा तसाच कोन ८० अंश आणि या दोहोंतला फरक २ अंश, असे प्रचलित मानक आहे. अहवालात ते एसएनए, एसएनबी आणि एएनबी या नावांनी येतात. फरक चार-पाच अंशांपेक्षा जास्त असेल तर खालचा जबडा वरच्याच्या तुलनेत मागे आहे. फरक उणे असेल तर पुढे आहे. खालच्या जबड्याच्या कडेचा कवटीच्या तळाशी होणारा कोन ३२ अंशांच्या आसपास असतो, आणि तो बराच मोठा असेल तर वाढ खाली-मागे होत आहे. ही मानके युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेली आहेत, म्हणून आपल्या मुलांचे आकडे दोन-तीन अंशांनी वेगळे आले तर त्याला दोष समजू नये.

श्वासमार्गाची दोन मापे बहुधा दिली जातात, एक मऊ टाळूमागचे आणि एक जिभेमागचे. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट जेम्स मॅकनमारा यांनी १९८४ साली वरच्या मापासाठी ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर हा संभाव्य अडथळ्याचा इशारा मानला. येथे 'संभाव्य' हा शब्द विसरू नये. ॲडिनॉइड वाढले आहेत का, हे सांगण्यास हे चित्र बऱ्यापैकी उपयोगी पडते. जिभेमागच्या जागेबाबत त्यावर फार विसंबता येत नाही, कारण चित्र सपाट असते, मूल जागे आणि उभे असते, आणि मान थोडी वर किंवा खाली झाली, गिळण्याची क्रिया झाली किंवा श्वास आत-बाहेर झाला तरी माप बदलते. सीबीसीटी म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या त्रिमितीय क्ष-किरण चित्रात आडवा छेद आणि घनफळ दिसते, रंगीत नकाशे आकर्षक असतात, पण वरच्या मर्यादा तशाच राहतात आणि किरणोत्सर्गाची मात्रा सेफॅलोग्रामपेक्षा वाढते. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स या संघटनेने २०१९ च्या श्वेतपत्रिकेत अशा चित्रांवरून झोपेतल्या श्वासविकाराचे निदान करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. केवळ श्वासमार्ग मोजण्यासाठी सीबीसीटी काढायला कोणी सुचवले, तर त्यातून उपचाराचा कोणता निर्णय बदलणार आहे, हे पालकांनी निःसंकोच विचारावे.

निदान होते ते रात्रभराच्या झोपेच्या तपासणीने, जिला पॉलिसोम्नोग्राफी किंवा स्लीप स्टडी म्हणतात. मुलांमध्ये दर तासाला श्वास अडकण्याच्या किंवा उथळ होण्याच्या घटना सरासरी एक किंवा अधिक असतील तरी ते असामान्य मानले जाते. प्रौढांमध्ये ही मर्यादा पाच आहे. त्यामुळे प्रौढांचे निकष लावून 'फक्त तीनच आहेत, चिंता नको' असे मुलाबाबत म्हटले गेले, तर तो अहवाल बालकांच्या झोपेचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडून पुन्हा वाचून घ्यावा.

उपचारांचा क्रम

नाक आणि घसा प्रथम. ॲलर्जीने नाक सतत चोंदलेले असेल तर धूळ, गादीतल्या धुळीतले सूक्ष्म कीटक, घरातला धूर आणि उदबत्ती यांकडे पाहावे, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ सांगतील तितक्या आठवड्यांसाठी नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा नियमित वापरावा. दुकानातून आणलेले नाक उघडणारे थेंब दिवसेंदिवस घालू नयेत, त्यांनी नंतर नाक अधिकच चोंदते.

ॲडिनॉइड आणि टॉन्सिल मोठे असून झोपेतला विकार सिद्ध झाला असेल, तर ते काढणे हा मुलांमधला पहिला मुख्य उपचार आहे. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सात महिन्यांनी झोपेचा अहवाल पूर्ववत झालेल्या मुलांचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्या गटात ७९ टक्के आणि केवळ वाट पाहिलेल्या गटात ४६ टक्के होते. वागणूक आणि जीवनमान शस्त्रक्रियेने सुधारले. लक्ष लागण्याच्या औपचारिक चाचण्यांत मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. या आकड्यांतून मला दोन्ही गोष्टी घ्याव्याशा वाटतात: शस्त्रक्रिया परिणामकारक आहे, आणि सौम्य विकार असलेल्या काही मुलांना देखरेखीखाली थोडे थांबण्याची मुभाही आहे. किती थांबायचे हे डॉक्टरांनी ठरवावे, नातेवाइकांनी नव्हे.

जबडा रुंद करण्याचे उपकरण त्यानंतर येते. वरच्या दाढांना बसवलेल्या उपकरणातला स्क्रू घरी किल्लीने फिरवला जातो. एक पाव फेरा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. टाळूच्या मध्यावरचा सांधा उघडतो आणि थोड्याच दिवसांत वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये फट दिसू लागते. पालक ही फट पाहून घाबरतात, पण ती अपेक्षित असते आणि पुढे मिटते. फिरवणे संपल्यावर नवे हाड भरेपर्यंत उपकरण काही महिने तसेच ठेवावे लागते. हा सांधा किशोरवयाच्या मध्यापर्यंत गुंतत जातो, म्हणून गरज असेल तर हे काम लवकर केलेले बरे. नाकाचा तळही यात काही प्रमाणात रुंद होतो आणि काही मुलांचा झोपेचा अहवाल सुधारतो. पण वरचा जबडा मुळात अरुंद नसेल तर केवळ श्वासासाठी तो रुंद करणे समर्थनीय नाही. दात बाहेर झुकणे आणि जुळणी बिघडणे हा त्याचा मोबदला असतो.

खालचा जबडा मागे असलेल्या मुलांसाठी ट्विन ब्लॉकसारखी उपकरणे वाढीच्या उसळीच्या काळात, मुलींमध्ये साधारण दहा ते बाराव्या आणि मुलांमध्ये बारा ते चौदाव्या वर्षी, दिली जातात. ती जबडा पुढे धरतात, दातांची जुळणी सुधारते, आणि जिभेमागची जागाही काही अंशी वाढलेली मोजता येते. या बदलाचा मोठा भाग दातांच्या हालचालीचा असतो. जबडा उपकरणामुळे अनेक मिलिमीटर अधिक वाढेल, असे आश्वासन कोणी देऊ नये आणि पालकांनी ते घेऊही नये.

तारा बसवताना चार उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) काढल्या तर जिभेची जागा कमी होऊन पुढे झोपेत श्वास अडकतो, ही भीती समाजमाध्यमांवर बरीच पसरली आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, हजारो रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात उपदाढा असलेल्या आणि नसलेल्या प्रौढांमध्ये या विकाराच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. योग्य कारणासाठी सुचवलेले दात काढणे या भीतीपोटी टाळू नये. याच माध्यमांवर रात्री मुलाच्या ओठांवर चिकटपट्टी लावण्याचा आणि जीभ टाळूला दाबून जबडा घडवण्याचा सल्ला दिला जातो. नाक चोंदलेल्या मुलाचे तोंड चिकटवणे धोकादायक आहे, आणि जीभ दाबून हाडांचा आकार बदलतो याला भरवशाचा पुरावा नाही.

हनुवटीवर पडलेले मूल

हा भाग वेगळा लिहिण्याचे कारण आपल्याकडची परिस्थिती आहे. झाडावरून, जिन्यावरून किंवा सायकलवरून हनुवटीवर आपटलेल्या मुलाच्या हनुवटीला टाके घातले जातात आणि कानापुढच्या जबड्याच्या सांध्याकडे कोणी पाहत नाही. तिथला अस्थिभंग लक्षात न आल्यास सांधा हळूहळू हाडाने जखडतो, तोंड उघडेनासे होते, खालच्या जबड्याची वाढ खुंटते आणि हनुवटी मागे जाते. कानात मुरलेल्या पुवामुळेही असे होऊ शकते. चेहऱ्याच्या वाढीने श्वासमार्ग अरुंद होण्याचे हे सर्वांत तीव्र उदाहरण आहे. अशा मुलांना पाठीवर झोपणेही अवघड जाते.

म्हणून हनुवटीवर मार बसल्यानंतर मुलाला स्वतःची तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये घालता येतात का, हे काही महिने दर आठवड्याला पाहावे. बोटे मावेनाशी झाली तर मॅक्सिलोफेशियल सर्जनकडे, म्हणजे जबडा व चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे, विलंब न करता न्यावे. सांधा मोकळा करणे आणि हाड हळूहळू, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने लांबवणे, या दोन्ही शस्त्रक्रिया आपल्याकडे होतात. लांबवण्याचे हे तंत्र माणसाच्या खालच्या जबड्यासाठी १९९२ पासून वापरात आले. सांधा आधी मोकळा करायचा की जबडा आधी लांबवायचा, हे मुख्यतः झोपेतला श्वास किती अडतो आहे यावर ठरते, म्हणून येथेही स्लीप स्टडी शस्त्रक्रियेआधीच करून घ्यावी.

मोठ्यांविषयी थोडक्यात, आणि भेटीला जाताना

मुलाचे निरीक्षण करताना घोरणाऱ्या आईवडिलांकडेही पाहावे, कारण जबड्याची ठेवण घराण्यात चालत येते. प्रौढांमध्ये दात सरळ केल्याने श्वासमार्ग उघडत नाही. तिथे वजन कमी करणे, हवेच्या दाबाचे सीपॅप यंत्र, रात्री जबडा पुढे धरणारे दातांवरचे उपकरण आणि निवडक रुग्णांत दोन्ही जबडे पुढे आणणारी शस्त्रक्रिया, असे उपचार आहेत. सीपॅपचे वर्णन ऑस्ट्रेलियाचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली केले. जबडा पुढे धरणारे उपकरण वर्षानुवर्षे वापरल्यास दातांची जुळणी बदलते, म्हणून ते दंतवैद्याच्या देखरेखीखालीच वापरावे. हनुवटी पुढे आलेल्या तरुणाला खालचा जबडा मागे नेण्याची शस्त्रक्रिया सुचवली असेल, तर जिभेमागची जागा त्याने कमी होते हे ध्यानात ठेवून, वरचा जबडाही पुढे आणण्याचा पर्याय आहे का हे सर्जनना विचारावे. तो तरुण घोरत असेल तर हा प्रश्न टाळू नये.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबई महानगरपालिकेच्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्सचे विभाग आहेत. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते; तिथे दात, टाळू आणि कान यांची नोंद होत असली तरी घोरण्याचा प्रश्न पालकांनी आपणहून सांगावा.

पहिल्या भेटीला रात्रीचे चित्रण, दोन छायाचित्रे, घोरण्याच्या रात्रींची नोंद, आधीचे क्ष-किरण चित्र आणि चालू औषधांची यादी न्यावी. उपचार झाल्यानंतर, मग तो ॲडिनॉइडचा असो की जबड्याचा, काही महिन्यांनी तेच रात्रीचे चित्रण पुन्हा करावे, आणि मूळ विकार मध्यम किंवा तीव्र असेल, मुलाचे वजन जास्त असेल किंवा घोरणे उरले असेल तर झोपेची तपासणीही पुन्हा करून घ्यावी.